आजोबांच्या कळशीतली नाणी घासली तरी परत हिरवी पडतायत? असं एकेक तपासा

जुनं घर पाडायला काढलं किंवा वाटण्या झाल्या की माळ्यावरची एखादी कळशी, पितळेचा डबा नाहीतर पत्र्याची ट्रंक खाली येते आणि त्यात किलो-दोन किलो नाणी निघतात. ढब्बू पैसे, शिवराया, भोकाचे पैसे, चवल्या-पावल्या, राणीछाप रुपये आणि वर पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची रास, सगळं एकत्र. घरातलं कुणीतरी हौसेनं लिंबू-मीठ घेऊन बसतं, दोन तासांत सगळं लखलखीत, फोटो फॅमिली ग्रुपवर जातात, आणि जुलै-ऑगस्ट आला की त्याच नाण्यांवर हिरवे ठिपके. परत घासायचं, परत हिरवं. पेठेतल्या, पाहुण्यांतल्या, ओळखीपाळखीच्या लोकांच्या अशा कळश्या मी बरीच वर्षं बघतोय आणि तक्रार दर वेळी हीच असते, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

मुद्द्याचं आधीच सांगतो. हिरवं परत येतंय ते वर मळ बसतोय म्हणून नाही, ते आतून येतंय. तांब्याच्या किंवा ब्रॉन्झच्या नाण्यात क्लोराइड म्हणजे मिठाचा अंश शिरलेला असतो, त्याला दमट हवा मिळाली की त्याचं फिकट हिरवं पावडरीसारखं क्षार बनतं आणि त्याच खटपटीत थोडं ॲसिड तयार होतं, ते ॲसिड आणखी तांबं खातं, परत क्षार, परत ॲसिड. याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. तुम्ही घासता तेव्हा वरची पावडर जाते, मीठ जिथल्या तिथं राहतं. आणि लिंबू-मिठानं घासलं असेल तर ॲसिड पण तुम्हीच दिलं आणि मीठ पण तुम्हीच दिलं. त्यामुळं हा पोस्ट वाचताना लिंबू, चिंच, आमसूल, मीठ, टूथपेस्ट, रांगोळी, राख, भांडी घासायची पावडर हे सगळं आधी बाजूला ठेवा.

लक्षणं काय दिसतात

सगळं हिरवं एकसारखं नसतं, त्यामुळं आधी नीट बघा. खिडकीच्या उजेडात, भिंग असेल तर भिंगातून.

फिकट हिरवे, पिस्त्याच्या रंगाचे, पावडरीसारखे ठिपके, नखानं सहज निघतात आणि खाली बारीक खड्डा दिसतो: हाच तो रोग, आणि हाच परत परत येतो.

गडद हिरवा किंवा तपकिरी-काळा, गुळगुळीत, घट्ट बसलेला थर, बोटाला काही लागत नाही: हा राप. हा दोष नाही. शंभर-दीडशे वर्षं लागलीत तो चढायला आणि तोच खालच्या तांब्याला सांभाळतोय, याला हात लावू नका.

हिरवट, चिकट, तेलकट लेप, बोटाला चिकटतो, बऱ्याचदा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर: हे मऊ पीव्हीसी प्लास्टिकमुळं झालंय, औषध वेगळं.

चांदीचा रुपया काळा, कडेला निळसर-जांभळी झाक: चांदीवर गंधकाचा परिणाम. दिसायला वाईट, पण घाई करण्यासारखं काही नाही.

घासल्यावर गुलाबी पडलेला पैसा, नंतर डागाडागानं काळा-हिरवा होणारा: राप खरवडला गेलाय आणि उघडं तांबं हवेला लागलंय.

जड, मऊ, करड्या नाण्यावर पांढरी पावडर: शिसं असू शकतं. हे नाणं लगेच वेगळं ठेवा, हात साबणानं धुवा, पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

पहिलं: धुणं थांबवा आणि धातूप्रमाणं वेगळं करा (खर्च शून्य)

निम्म्या घरांत त्रास इथंच कमी होतो. तांबं, चांदी, लोखंड, ॲल्युमिनियम एकाच कळशीत एकमेकांना चिकटून, त्यात ओल, म्हणजे दोन धातूंच्या मध्ये बारीक बॅटरीच तयार होते आणि त्यातला कमकुवत धातू झिजत जातो. म्हणून जुनी सुती धोतराची घडी टेबलावर पसरा, हात धुऊन कोरडे करा, नाणं कडेनं धरा. बोटाच्या घामात पण मीठ असतं, चित्रावर अंगठा टेकवू नका.

मग एक साधं लोहचुंबक घ्या, फ्रीजवर लावतात तसलं चालेल. चांदी, तांबं, ब्रॉन्झ, पितळ, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. निकेल चिकटतं. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया बरेच जण चांदीचा समजून बसतात, तो निकेलचा आहे, टक्कन चिकटतो. पुढं १९५० पासूनचे सुरुवातीचे कणसांचे रुपयेसुद्धा निकेलचेच. अलीकडच्या स्टीलच्या नाण्यांचा वेगळा ढीग करा, त्यांची काळजी करायची गरज नाही. आणि राणीछाप दिसणारा रुपया चुंबकाला चिकटला तर तो नकली आहे, एवढं धरून चाला.

मग वजन. कंपनी सरकारनं १८३५ साली सगळीकडं एकसारखा रुपया आणला तो बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. हे जुन्या तोळ्याचं म्हणतोय, आता गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, तोळा म्हणलं की दहा ग्रॅमच धरतात, तिथं गोंधळ होतो. ओळखीच्या सराफाकडं काट्यावर ठेवून बघा, झिजलेला असेल तर थोडा कमी भरेल, पण दहाच्याच आसपास आला तर शंका घ्या.

इथं एक गोष्ट लई उपयोगी पडते. १९४० पासून सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. वजन तेच ठेवलं, दिसायला पण जवळजवळ तसाच. त्यामुळं "चांदीचा रुपया हिरवा कसा काय पडला" असं कुणी विचारलं की मी आधी साल विचारतो. १९४० ते ४५ मधला असेल तर त्यात जवळजवळ निम्मं तांबंच आहे, हिरवं येणारच. एकच ढीग "चांदी" म्हणून करू नका, १९३९ पर्यंतचे वेगळे, नंतरचे वेगळे. आणि हो, १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, म्हणून १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले नकली पण फिरत असतात, सापडला तर भिंगाखाली आकडा बघा आणि कुणाला दाखवेपर्यंत त्याला काहीही लावू नका.

तांब्याच्या ढिगात पाव आणे असतील, ते १९०६ पासून तांब्याऐवजी ब्रॉन्झचे आले. १९४३ ते ४७ चे भोकाचे पैसे पण ब्रॉन्झचे. शिवराई ओळखायला सोपी, एका बाजूला तीन ओळींत "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्र पति", पण ती इतकी वर्षं आणि इतक्या ठिकाणी पाडली गेली की अक्षरं वाकडीतिकडी, निम्मी नाण्याबाहेर गेलेली, ठोकळ्यासारख्या कडा, हे सगळं नॉर्मल आहे. शिवराईचा ढीग कायम वेगळा ठेवायचा आणि खाली लिहिलेला कुठलाही प्रयोग तिच्यावर आधी करायचा नाही.

१९५७ च्या १ एप्रिलनंतरचे नवे पैसे, नंतर १९६४ मध्ये "नये" शब्द गेल्यावरचे पैसे, ॲल्युमिनियमचे दोन-तीन-पाच पैसे यांचा एक ढीग. यांना कोरड्या कापडानं पुसलं तरी पुरे. सोडा लावू नका, ॲल्युमिनियम सोड्यानं खाल्लं जातं.

ढीग झाले की मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. हे लई महत्त्वाचं, कारण सहा महिन्यांनी ठिपका वाढलाय का तसाच आहे हे आठवणीवर सांगता येत नाही, फोटोवर येतं. आणि भाऊ-बहिणींत वाटायचं असेल तर तिथं पण उपयोग होतो.

दुसरं: नाणी ठेवली कशात आहेत ते बघा (खर्च जवळजवळ शून्य)

वर्तमानपत्रात गुंडाळलेली, रबरबँड लावलेली, जुन्या लोकरी कापडात बांधलेली चांदी काळी पडणारच, त्या सगळ्यांत गंधक असतं. लाकडी पेटीतून आंबट वाफा येतात, त्या शिशाला सगळ्यात वाईट. कोल्हापूरकरांना हे सांगायला पाहिजे कारण आपल्या मातीत शिशाची नाणी निघतात. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सातवाहन काळातलं लई काही सापडलं, आणि इथल्या कुर राजांची धनुष्यबाणाचा छाप असलेली शिशाची नाणी अभ्यासकांना चांगली माहीत आहेत. टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन जुनी नाणी एकदा बघून या, ब्रह्मपुरीची पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्रॉन्झची मूर्ती पण तिथंच आहे. खरी जुनी नाणी कशी दिसतात, त्यांच्यावर राप कसा असतो हे डोळ्यात बसलं की घरचं नाणं घासायला हात उचलत नाही.

प्लास्टिकचं म्हणाल तर ज्या पाकिटाला नवीन रेनकोटसारखा वास येतो आणि जे मऊ-लवचिक असतं ते पीव्हीसी, ते आजच काढा. तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेला झाकणाचा डबा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तो चालतो. ३ आकडा असेल तर नको.

आणि देवघरातली नाणी. लक्ष्मीपूजनाला रुपये दुधानं धुणं, पंचामृत, हळदी-कुंकू हे घरोघरी असतं आणि ते बंद करा असं मी कुणालाही म्हणणार नाही. फक्त पूजेचे रुपये पाच-सात ठरवून वेगळे करा, दर वर्षी तेच घ्या, पूजा झाली की साध्या पाण्यानं आणि नंतर डिस्टिल्ड पाण्यानं खळबळून टिपून ठेवा. आज्जी लोकांना पण हे पटतं, कारण पूजेचे रुपये वेगळे ठेवणं त्यांना आधीपासूनच आवडतं. ओलं कुंकू तसंच ठेवून नाणी परत कळशीत गेली की ओल आणि क्षार दोन्ही बाकीच्या नाण्यांना पुरवले जातात.

तिसरं: ओल मोजा (किरकोळ खर्च)

एक छोटं डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचं यंत्र, घ्या, ऑनलाईन स्वस्तात मिळतं. कपाटात ठेवा. आपल्याकडं पावसाळ्यात ते सहज ८० च्या वर जातं. ब्रॉन्झ डिसीज थांबवायचा असेल तर डब्यातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली पाहिजे. म्हणजे नाण्यावर काहीही न लावता नुसतं कोरडं ठेवलं तरी रोग झोपतो, आणि हा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी धोक्याचा उपाय आहे, पण लोक इथं थांबत नाहीत कारण नाणं चकचकीत दिसत नाही.

घट्ट झाकणाचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, वर सुती कापड, त्यावर कागदाच्या छोट्या पाकिटांत नाणी, आत हायग्रोमीटर. सिलिका जेल रंग बदलणारं घ्या म्हणजे ओलं झालं की कळतं, ते ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तापवलं की परत वापरता येतं. बुटाच्या खोक्यातली एक जुनी पुडी टाकून काही होत नाही, ती आधीच पाणी पिऊन बसलेली असते.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या ट्रंका पाण्यात गेल्या त्यांनी तर हे करायलाच पाहिजे. पुराचा गाळ म्हणजे नुसती माती नसते, गटाराचं पाणी, खतं, मीठ सगळं त्यात येतं. त्या ट्रंकेतल्या नाण्यांना दोन-तीन वर्षांनी ठिपके दिसायला लागले असं मी बऱ्याच घरांत बघितलंय, आणि लोकांना तोपर्यंत पुराशी संबंध आठवत पण नाही.

चौथं: टूथपिक लावून बघा

संशयाचा ठिपका लाकडी टूथपिकनं हलकेच टोकरा. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश नको. पावडर पडली आणि खाली खड्डा असेल तर रोग चालू आहे. टोक घसरलं, काही निघालं नाही तर राप आहे, सोडून द्या.

तरी कळत नसेल तर साध्या, किंमत नसलेल्या पैशावर एक चाचणी करता येते. काचेच्या बरणीत ओला कापूस, त्याला न टेकता नाणं, झाकण लावून दोन दिवस. रोग असेल तर ताजे फिकट हिरवे फोड वर येतात. शिवराईवर किंवा चांगल्या नाण्यावर ही चाचणी करायची नाही, कारण रोग आहे का ते बघायला आपण रोग वाढवतोय.

रोगी निघालेली नाणी त्याच दिवशी वेगळ्या डब्यात. एकाचा दुसऱ्याला संसर्ग तापासारखा होत नाही, पण ती पावडर मिठाचीच असते, ती शेजारच्या नाण्यावर पडू द्यायची कशाला.

पाचवं: डिस्टिल्ड पाण्यात भिजवणं

पेट्रोल पंपावर किंवा ऑटो पार्टच्या दुकानात बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते आणा. बॅटरीचं ॲसिड वेगळं, मागताना नीट सांगा, लेबल वाचा. नळाचं पाणी नको, त्यात क्षार आणि क्लोरीन. उकळून गार केलेलं पण नको, उकळून मीठ जात नाही, उलट पाणी आटतं आणि मीठ दाट होतं.

काचेच्या भांड्यात नाणी एकमेकांना न टेकता ठेवा, एका भांड्यात एकच धातू. माती मऊ झाली की मऊ ब्रशनं, लहान मुलांच्या टूथब्रशनं, हलकं. घासायचं नाही, फक्त सुटलेलं काढायचं. पाणी रोज बदला.

घरी आरओवाल्याचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) असेल तर तो इथं कामाला येतो. नवीन डिस्टिल्ड पाण्याचं रीडिंग घ्या, दुसऱ्या दिवशी नाणी काढायच्या आधी परत घ्या. आकडा वाढलाय म्हणजे नाण्यातून क्षार बाहेर येतायत. रोज बदलूनही वाढायचा थांबला की पाण्यानं जेवढं निघणार तेवढं निघालं. नाहीतर लोक अंदाजानं दोन दिवस भिजवतात आणि झालं म्हणतात.

वाळवणं पण नीट पाहिजे. सुती कापडावर टिपा, चोळू नका, पंख्याखाली ठेवा, अक्षरांच्या खाचांत पाणी राहतं म्हणून एक दिवस पूर्ण जाऊ द्या. गॅसवर तवा ठेवून वाळवू नका, जुनी नाणी तडकतात आणि राप बदलतो. वरून खोबरेल तेल चोळू नका, चमक येते पण धूळ आणि ओल धरून ठेवतं.

सहावं: चिकट हिरवं असेल तर ॲसिटोन

केमिकलच्या दुकानात शुद्ध ॲसिटोन मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल, रंग, वास असतो. ॲसिटोन पीव्हीसीचा लेप विरघळवतं आणि धातूला काही करत नाही, म्हणून हे चांदीला पण चालतं. पण ते भडकतं. गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी, स्वयंपाकघरात नाही, देवघरात समई चालू असताना तर अजिबात नाही. काचेची बरणी, झाकण, काही तास बुडवून ठेवा, मग ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा खळबळा. हिरवं निघून खाली खड्डे दिसले तर ते नुकसान झालेलं आहे, भरून येत नाही, पण पुढं वाढायचं थांबतं.

चांदीच्या काळेपणाबद्दल इथंच सांगतो. सोडून द्या. चांदी चमकवायच्या तयार द्रावणात (डिपमध्ये) बुडवून चमकवलेला रुपया वरचा पातळ थर गमावून बसतो, नाण्याच्या जाणकाराला एका नजरेत कळतं आणि किंमत पडते. गुजरीत किंवा चांदीकामाच्या हुपरीत पॉलिशला पण देऊ नका. ते लोक दागिन्यांचं काम उत्तम करतात, पण दागिना आणि नाणं यांची गरज उलटी आहे, दागिन्याला चमक पाहिजे आणि नाण्याला त्याच्या बारीक रेषा.

सातवं: सोड्याचं पाणी, फक्त स्वस्त तांब्याच्या नाण्यांसाठी

इथपर्यंत येऊनही ढब्बू पैशांवर पावडर येतच असेल, आणि ती नाणी फक्त आठवण म्हणून ठेवायचीत, तर हे करा. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात २५ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २५ ग्रॅम धुण्याचा सोडा. धुण्याचा सोडा म्हणजे साधा सोडाच, वॉशिंग पावडर नाही. हातात रबरी मोजे. यात नाणी बुडवून ठेवायची, आठवड्याला पाणी बदलायचं. सोडा आतलं क्लोराइड हळूहळू ओढून घेतो आणि तयार होणारं ॲसिड मारतो. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू, आठवडे नाही तर महिने. कुणी सांगत असेल की एका रात्रीत होतं तर विश्वास ठेवू नका.

धोका पण सांगतो: यात राप बदलू शकतो, निळसर झाक येऊ शकते. म्हणून शिवराई, जुनी ओळख न पटलेली नाणी, चांगल्या स्थितीतले पाव आणे यात घालायचे नाहीत. महिन्याभरानं एखादं नाणं काढून बघा, रंग बिघडत असेल तर सगळीच काढा. शेवटी परत डिस्टिल्ड पाणी, टीडीएस थांबेपर्यंत, वाळवणं, आणि सरळ सिलिका जेलच्या डब्यात. डबा कोरडा नसेल तर ही सगळी मेहनत पुढच्या पावसाळ्यात पाण्यात.

इंटरनेटवर बेन्झोट्रायझोल नावाचं केमिकल सांगतात. म्युझियमचे संवर्धक वापरतात हे खरं, पण ते अंगाला, श्वासाला घातक आहे आणि घरात करायचं काम नाही.

कुठं थांबायचं

पुढचं काहीही दिसलं तर हात थांबवा. सोन्याचं काही असेल, होन वाटत असेल, तर कसोटीवर घासू देऊ नका, ॲसिडचा थेंब पण नको. अनेक नाणी एकमेकांना चिकटून गोळा झालेला असेल तर सोडवायला जाऊ नका, कशाबरोबर काय होतं ही माहितीच त्या गोळ्यात असते. शिशाची पांढरी पावडर. चांदीवर राखाडी-जांभळा जाड थर, तो नुसता काळेपणा नसतो, खालची चांदी ठिसूळ झालेली असू शकते. तडे. फारसी किंवा ओळखू न येणारी अक्षरं. आणि घरचे उपाय नीट करून, डबा ४० च्या खाली ठेवूनही ज्या नाण्यावर परत पावडर आली ते.

नाणी कळशीतून नाही तर जमिनीतून किंवा जुन्या भिंतीतून निघाली असतील तर गोष्ट साफसफाईची राहतच नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असा ठेवा सापडला तर कलेक्टरना कळवावं लागतं. वाडा पाडताना हे लक्षात ठेवा, गवंड्यांना पण आधी सांगून ठेवा. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात, ती परदेशात नेता येत नाहीत, त्यामुळं अमेरिकेतल्या भावाची वाटणी इथंच डब्यात ठेवायची.

विकायचं असेल तरी आधी ओळख पटवा. "या रुपयाचे पाच लाख मिळतील, आधी फी भरा" असले फोन येतात, त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव घेतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारात ती नसते आणि कसली फी घेत नाही. एक रुपया पण पाठवू नका.

ओळखीसाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्युमिस्मॅटिक स्टडीज. दुरुस्तीसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथं आधी विचारणा करा, धातूच्या वस्तूंचं काम करणारा संवर्धक कोण ते विचारा. सगळी कळशी घेऊन जायची नाही, रोगी आणि शंकेची नाणीच, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात, पाकिटावर पेन्सिलनं नंबर, सोबत आधी काढलेले फोटो. जायच्या आधी चांगलं दिसावं म्हणून धुऊ नका. आणि मागं काय काय लावलं ते सगळं लिहून द्या: लिंबू, चिंच, दूध, पुराचं पाणी, सोडा, किती दिवस. ते लपवलं तर संवर्धक चुकीच्या ठिकाणापासून सुरुवात करतो.